उकळणे म्हणजे नेमके काय?

पाणी किती अंशांवर उकळते, या प्रश्नाला आपला विद्यार्थी '१०० अंश सेल्सिअस' असे उत्तर तत्काळ देतो. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. एवढ्यावर थांबणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत गुण मिळतात, परंतु घरातील कुकर काय करतो हे त्यास सांगता येत नाही. याची खंत आम्हांस अधिक वाटते.

द्रवाच्या पृष्ठभागावरून रेणू सतत निसटत असतात. बंद पात्रात ते द्रवाच्या वर साचतात, काही परततात. जाणारे व परतणारे यांचे प्रमाण समान झाले की वाफेचा दाब स्थिर होतो. हाच त्या तापमानाचा बाष्पदाब. पाण्याचा बाष्पदाब २५ अंशांवर पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटर, तर १०० अंशांवर ७६० मिलिमीटर असतो. समुद्रसपाटीवर हवेचा दाबही साधारण तेवढाच असतो. दोन्ही दाब समान होताच द्रवाच्या अंतर्भागातही वाफेचे बुडबुडे टिकू लागतात; यालाच आपण उकळणे म्हणतो. (त्या बुडबुड्यांत हवा असते, असे मानणारे सुशिक्षितही भेटतात.) महाबळेश्वरी हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते आणि डाळ उशिरा शिजते. तेथे जाळ वाढवून उपयोग नाही. पाणी लवकर आटते, तापत मात्र नाही. कुकर वाफ कोंडून दाब वाढवतो व पाण्यास १२० अंशांच्या आसपास नेतो.

दोन द्रव एकत्र आले की गंमत वाढते. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर अल्कोहोल मिसळल्यास मिश्रण १०० मिलिलिटर भरत नाही, तीन-चार मिलिलिटर कमीच भरते. कारण रेणू एकमेकांच्या अधिक जवळ येतात.

याहून मोलाचे उदाहरण न मिसळणाऱ्या द्रवांचे. असे द्रव एकत्र उकळताना प्रत्येकाचा बाष्पदाब जणू दुसरा तेथे नाहीच असा स्वतंत्र राहतो आणि एकूण दाब म्हणजे दोहोंची बेरीज. ती बेरीज हवेच्या दाबाला लवकर गाठते, म्हणून मिश्रण दोन्ही द्रवांच्या उत्कलनांकाहून कमी तापमानास उकळते. खानदेशात रोशा गवताचे सुगंधी तेल काढण्याचा जुना व्यवसाय याच नियमावर चालत आला. त्या तेलातील मुख्य घटक जिरॅनिऑल एकटा सुमारे २३० अंशांवर उकळतो, आणि इतक्या उष्णतेने तेलाचा सुगंध बिघडण्याची भीती असते. पाण्याच्या वाफेसोबत मात्र तो १०० अंशांच्या किंचित खालीच बाहेर पडतो. त्याचा बाष्पदाब अल्प असल्याने थोड्या तेलासाठी पुष्कळ पाण्याची वाफ करावी लागते, म्हणून सरपणही पुष्कळ जळते. वाफ थंड केली की तेल पाण्यावर तरंगते आणि वरून अलगद काढून घेता येते.