मडमांच्या वह्या आणि तंजावरचा मुदपाकखाना

प्रश्न : आम्ही मूळचे कोल्हापूरचे, यजमानांच्या नोकरीमुळे गुम्मिडिपूंडीला सिपकॉटजवळ राहतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज बायका पाककृतींची हस्तलिखित वही ठेवायच्या, असं वाचलं. तिच्यात नेमकं काय असे? इथे मद्रासेत राहणाऱ्या मडमाही तसं लिहीत का? आपल्या मराठीत त्या काळचं असं काही आहे का? सासूबाईंची जुनी वही माझ्याकडे आहे, ती कशी जपावी तेही सांगा.
— एक वाचक, गुम्मिडिपूंडी

उत्तर : या वह्यांना नुसत्या पाककृतींच्या वह्या म्हणणं अपुरं आहे. पुडिंग, लोणची, मुरंबे, घरची वाइन हे तर त्यांत असेच. पण खोकल्यावरचं औषध, शाई, साबण, लाकडी सामानाचं पॉलिश हेही त्याच पानांवर असे. घर चालवायला जे जे लागतं, ते सगळं एका जागी. कादंबरीकार जेन ऑस्टेनची जिवलग मैत्रीण मार्था लॉइड हिची वही चॉटन गावी, दोघी जिथे राहत त्याच घरातल्या संग्रहालयात आहे. २०२१ साली तिची हुबेहूब प्रत छापूनही निघाली. या वहीत सूप आणि सॉस यांच्या सोबतीला पिसाळलेलं कुत्रं चावलं तर काय करावं याचाही उपाय आहे. आणि करी पावडरही आहे! हळद, कुळिंजन, सुंठ कुटून ठेवायची. हिंदुस्थानात पाऊल न टाकलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात आपला मसाला इतक्या लवकर पोचला होता.

मला या वह्यांत सर्वांत लोभस वाटतात ती कृतीशेजारी लिहिलेली नावं. ही अमक्या बाईंची, ही वहिनींची. जेनच्या आईने तर पुडिंगची कृती चक्क पद्यात रचून दिली. जिने कृती दिली तिचं श्रेय तिला, हा रिवाज होता. वही पुढे मुलीकडे, सुनेकडे जाई. म्हणून एकाच वहीत दोन-तीन हातांची अक्षरं सापडतात.

प्रमाणं मात्र पुष्कळदा मोघम. लोणी अक्रोडाएवढं, भट्टी चांगली तापलेली, बस्स. त्या भट्ट्यांना तापमापक नव्हताच, आणि लिहिणारीला पदार्थ येतच असे; वही फक्त आठवणीपुरती. साहित्य नि वेळ वेगळी काढून सांगण्याची शिस्त एलायझा ॲक्टनच्या १८४५च्या छापील पुस्तकाने आणली, आणि १८६१ साली मिसेस बीटनचा जाडजूड ग्रंथ आल्यावर ती घरोघरी पोचली.

एक कृती तुम्हाला मुद्दाम सांगते. शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विनची पत्नी एमा हिची वही १८३९ची, म्हणजे लग्नाच्याच वर्षातली. तिच्यात भात शिजवण्याची कृती खुद्द डार्विनच्या अक्षरात आहे. खारट पाण्याला उकळी आली की तांदूळ घालायचे, घड्याळ लावून बारा मिनिटं उकळायचे, पाणी ओतून टाकायचं आणि भांडं दहा मिनिटं निखाऱ्यांवर ठेवायचं. तुमच्या शेजारणी कंजी काढून भात करतात ना, जवळपास तीच रीत!

आता मद्रास. इथली मडम चुलीपाशी क्वचितच जाई. बाजार बटलर करी, रांधणारा स्वयंपाकी वेगळा. तरी लिहिणाऱ्या होत्या. न्यायाधीशाची पत्नी एलिझाबेथ ग्विलिम १८०१ साली मद्रासला आली आणि १८०७ मध्ये इथेच वारली. तिने आई-बहिणीला धाडलेल्या लांबलचक पत्रांत इथलं घर, नोकरचाकर, झाडं, पक्षी सगळं आलं आहे. ती पत्रं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुढे १८७८ साली कर्नल केनी-हर्बर्टने 'वायव्हर्न' या टोपणनावाने खास मद्रासच्या साहेबांसाठी पाकपुस्तक काढलं. त्यात देशी स्वयंपाक्याला तो सरसकट 'रामासामी' म्हणतो. कृती देणाऱ्या मैत्रिणीचं नाव मडम जपून लिहिते आणि रांधणाऱ्याला स्वतःचं नावही मिळत नाही, हे मला फार खुपतं.

मराठीतलं उदाहरण तुमच्याच राज्यात आहे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठी हस्तलिखित मोडी लिपीत तयार झालं. ते सरस्वती महाल ग्रंथालयात आहे आणि ग्रंथालयाने छापूनही प्रसिद्ध केलं आहे. राजवाड्यात शाकाहारी, मांसाहारी आणि इंग्रजी असे स्वयंपाक वेगवेगळे होत. म्हणजे तिकडे मार्था करी पावडर उतरवून घेत होती, त्याच सुमारास इकडे मराठी दरबारात इंग्रजी पदार्थ मोडीत लिहिले जात होते. फरक एवढाच की तंजावरची वही दरबाराची, कुणा गृहिणीची नव्हे. त्या काळी आपल्याकडच्या फार थोड्या बायकांना लिहिता येई. त्यांचं पाकशास्त्र तोंडीच राहिलं. 'सूपशास्त्र' हे मराठीतलं सुरुवातीचं छापील पाकपुस्तक १८७५चं, तेही रामचंद्र सखाराम गुप्ते या पुरुषाने लिहिलेलं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र' यायला १९१० उजाडलं. सवड काढून एकदा एग्मोरहून गाडीने तंजावरला जाऊन याच.

सासूबाईंच्या वहीचं म्हणाल, तर तिला लॅमिनेशन करू नका आणि फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पुढे कागद पिवळा करतो. आधी उजेडात प्रत्येक पानाचा सरळ फोटो काढा, कोरी पानं आणि मलपृष्ठासकट. वाण्याचे हिशेब, कुणाचा पत्ता, मध्ये ठेवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण यांतलं काही टाकू नका. कात्रण कोणत्या पानात होतं तेवढं टिपून ठेवा. मग वही सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. तुमच्याकडची हवा समुद्राकाठची, दमट. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्या, उन्हात नको. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कोणती कृती कुणाकडून आली ते वेगळ्या कागदावर लिहून काढा. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी शिकवलेली असेल, तर त्यांचंही पूर्ण नाव लिहा.