विज्ञानाचा धडा बांधीतही असतो



गेल्या वर्षी नववीचा निकाल लागला त्या आठवड्यात एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा विज्ञानात नापास झाला होता. बाप म्हणाला, "फादर, याले विज्ञान जमत नाही. कशाले ठेवू शाळेत? नागपूरला ठेकेदाराकडे पाठवून देतो. दोन पैसे तरी घरी येतील."

मी मुलाला पुस्तकातला प्रश्न विचारला. तो मान खाली घालून उभा राहिला. मग सहज विचारले, "तुमच्या बांधीतला धान यंदा पिवळा पडला होता म्हणे, का रे?" मुलगा लगेच बोलू लागला. "सगळा नाही पडला फादर. धुऱ्याजवळचा हिरवाच होता, मधातला पिवळा पडला. खत तर एकाच दिवशी टाकलं होतं, बियाणंही एकच होतं. मधात पाणी साचून राहते, म्हणून झालं असेल."

खत एक, बियाणे एक, फरक फक्त पाण्याचा, म्हणून कारण पाण्यात असावे, असा त्याचा विचार होता. शास्त्रज्ञ याहून वेगळे काय करतो? सतत पाणी साचणाऱ्या जागी धानाला जस्त कमी मिळते आणि पाने पिवळी-तांबूस पडतात, हे कृषितज्ज्ञही सांगतात. मुलाला जस्ताचे ठाऊक नव्हते, पण विचार बरोबर दिशेने चालला होता. मग हा मुलगा विज्ञानात नापास का व्हावा? या प्रश्नाचा विचार आपण सर्व पालकांनी करण्यासारखा आहे.

पहिली अडचण भाषेची

आपल्या किरनापूर भागात पुष्कळ घरांत मराठी किंवा पोवारी बोलतात आणि शाळेचे पुस्तक हिंदीत असते. दोन्ही भाषा देवनागरीत लिहितात, म्हणून आपल्याला वाटते की मुलाला सगळे समजते. पण शब्द तोच असून अर्थ वेगळा असतो. हिंदी पुस्तकात 'जड़' म्हणजे झाडाचे मूळ, आपल्याकडे जड म्हणजे वजनदार. तिथे 'ताप' म्हणजे उष्णता किंवा तापमान, आपल्याकडे ताप म्हणजे अंगातला ज्वर. तिथे 'चालक' म्हणजे ज्यातून वीज किंवा उष्णता वाहते तो पदार्थ, आपल्याकडे गाडी हाकणारा. 'आवेश' म्हणजे तिथे विजेचा भार, आपल्याकडे त्वेष. आणि 'शिक्षा' म्हणजे तिथे शिक्षण, पण आपल्या मुलाला ती खरोखर शिक्षाच वाटू लागते!

उपाय सोपा आहे. मुलाने एक जुनी वही घ्यावी. पानाच्या एका बाजूला पुस्तकातला शब्द लिहावा, दुसऱ्या बाजूला घरचा शब्द आणि घरची वस्तू लिहावी. 'अंकुरण' याच्यासमोर 'बियाण्याला मोड येणे', 'वाष्पीकरण' याच्यासमोर 'ओल्या धोतराचे पाणी उडून जाणे'. रोज पाच शब्द लिहिले तरी दोन महिन्यांत तीनशे शब्द होतात. आईवडिलांना वाचता येत नसेल तरी हरकत नाही. मुलाने शब्द वाचून दाखवावा आणि आपण घरचा शब्द सांगावा.

आपल्याच राज्यात झालेला प्रयोग

खेड्यातल्या मुलाला विज्ञान शिकवायचे तर प्रयोगशाळेची मोठी इमारत लागते, असे समजू नये. आपल्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत एक नवा प्रयत्न सुरू झाला. रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी तो हाती घेतला आणि मोठमोठ्या संस्थांतले शास्त्रज्ञ व प्राध्यापक खेड्यात येऊन शिक्षकांबरोबर बसले. सहावी ते आठवीची मुले पाठांतर न करता स्वतः प्रयोग करीत. पाने गोळा करून त्यांचे गट पाडीत, बिया रुजवून मोजीत, साध्या वस्तूंनी उपकरणे बनवीत. त्यांच्या पुस्तकाचे नाव 'बाल वैज्ञानिक' होते. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मोकळीक होती, कारण परीक्षा विचारांची होती, स्मरणाची नव्हती. प्रयोगाची परीक्षा वेगळी होत असे.

१९७८ साली हा कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात गेला आणि पुढे आणखी जिल्ह्यांत पोहोचला. १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. २००२ साली सरकारने तो बंद केला. कार्यक्रम बंद झाला, तरी त्याने शिकवलेली गोष्ट आपल्या घरी चालू ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही: मुलाने हाताने करावे, डोळ्याने पाहावे, मोजावे आणि मग बोलावे.

घरी करण्याजोगा एक प्रयोग

शाळेत विज्ञान प्रदर्शन आले की पुष्कळ पालक बाजारातून थर्माकोल, रंग आणि तयार नमुना विकत आणतात. पैसे जातात आणि मुलगा काही शिकत नाही. त्यापेक्षा खालील प्रयोग करावा. शेतीलाही त्याचा उपयोग होतो.

प्रश्न असा घ्यावा: आपल्या कोठीतले धानाचे बियाणे किती चांगले आहे?

१. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यात थोडे बियाणे टाकून ढवळावे आणि पाणी स्थिर होऊ द्यावे. पोचट व हलके दाणे वर तरंगतात, भरलेले दाणे तळाशी बसतात.

२. तरंगलेले आणि बसलेले दाणे वेगवेगळे काढून स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावेत. मीठ राहिले तर मोड नीट येत नाहीत.

३. तळाच्या दाण्यांतून न निवडता १०० दाणे मोजून घ्यावेत, तरंगलेल्यांतूनही १०० घ्यावेत. आणि मिठाच्या पाण्यात न घातलेले कोठीतले १०० दाणे साध्या पाण्याने धुऊन घ्यावेत. हा तिसरा गट फार महत्त्वाचा. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय निवडीचा फायदा किती झाला हे कळत नाही.

४. तिन्ही गट ओल्या पोत्याच्या तुकड्यांवर ओळीने मांडून, पोते गुंडाळून, एकाच सावलीच्या जागी ठेवावेत. तिन्हींना सारखेच पाणी शिंपडावे.

५. तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत रोज एकाच वेळी मोड आलेले दाणे मोजून वहीत लिहावेत. मग सगळा प्रयोग आणखी दोन वेळा करावा. एकदा आलेला आकडा योगायोग असू शकतो.

प्रमाणित धान बियाण्याची उगवण शंभरात किमान ८० असावी, असा आपल्या देशातला नियम आहे. घरच्या बियाण्याचा आकडा त्याहून फार खाली आला, तर पऱ्हे टाकण्याआधीच सावध होता येते. पऱ्हे विरळ उगवल्यावर जुलैत धावाधाव करण्यापेक्षा मे महिन्यात शंभर दाणे मोजणे स्वस्त पडते.

शिक्षक विचारतील, दाणा का तरंगला? मुलाने सांगावे: मीठ विरघळले की पाण्याची घनता वाढते, साध्या पाण्यात बुडणारा हलका दाणाही मग वर येतो. पुस्तकातला 'घनत्व' हा धडा तो एवढ्यात शिकला.

प्रकल्पाचे चार नियम

पहिला, प्रश्न मुलाचा स्वतःचा असावा आणि आपल्या गावातला असावा. दुसरा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व सारखे ठेवावे. तिसरा, जे दिसले तेच लिहावे. आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही म्हणून खोडू नये. प्रयोग फसला तर तेही लिहावे, कारण खोटा आकडा ही चोरीच आहे. चौथा, पालकांनी मदत करावी पण काम करू नये. पोते द्यावे, वजनकाटा द्यावा, प्रश्न विचारावेत. मोजणे आणि लिहिणे मुलाचेच.

आणि हे मुलींनाही लागू आहे. मुलगा अभ्यासाला बसतो आणि मुलगी पाणी भरते, भांडी घासते, असे अनेक घरांत दिसते. संध्याकाळचा एक तास मुलीलाही मोकळा द्यावा.

दोन माणसे आठवावीत

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शाळा तिसरीपर्यंतच झालेली, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांना 'पटेल ३' या धानाच्या बांधीत तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या सगळ्यांबरोबर कापून मळल्या असत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत गेले. त्यातून बारीक दाण्याचा जो तांदूळ निघाला त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी नाव पडले. आज आपल्यापैकी कित्येकांनी तो खाल्ला आहे, पेरला आहे. २००५ साली त्यांचा राष्ट्रीय पुरस्काराने गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते वारले.

दुसरे ग्रेगोर मेंडेल. हे मठात राहणारे धर्मगुरू होते. १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत ते नापास झाले. पण १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याची सुमारे २८,००० झाडे लावली, मोजली आणि लिहून ठेवली. त्यांचा निबंध १८६६ साली छापला गेला, पण जगाने त्याची खरी दखल १९०० साली घेतली. तोवर त्यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती.

मेंडेलचा हा धडा दहावीच्या पुस्तकात आहे. तो परीक्षेपुरता पाठ करून सोडू नये, कारण सिकलसेलचा आजार ज्या रीतीने आईवडिलांकडून मुलाकडे येतो ती रीत त्यातूनच समजते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः ठणठणीत दिसत असूनही दोष अंगात बाळगत असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर मुलाला हा आजार होत नाही, फार तर ते वाहक होते. या आजाराविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथे सुरू झाली. सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी होते. लग्न ठरण्याआधी मुलामुलींनी ती करून घ्यावी. विज्ञानाचा एक धडा नीट समजला तर एका घराचे दुःख टळते.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

बापाने मुलाला नागपूरला पाठवण्याचे दोन महिने लांबणीवर टाकले. मुलाने पुरवणी परीक्षेचा अभ्यास शब्दांच्या वहीवरून केला. मे महिन्यात घरच्या बियाण्याचा वरील प्रयोग केला. कोठीतल्या शंभर दाण्यांपैकी ६१ उगवले, मिठाच्या पाण्यात तळाशी बसलेल्यांपैकी ८४. बापाने ते दोन आकडे तीन वेळा ऐकले आणि त्या वर्षी सगळे बियाणे मिठाच्या पाण्यातून काढले. शाळेच्या प्रदर्शनात मुलाला बक्षीस मिळाले नाही. बक्षीस मिळाले ते दिव्यांनी लखलखणाऱ्या एका तयार नमुन्याला. पण पुरवणीत तो पास झाला आणि आज दहावीत आहे.

परवा त्याचे वडील भेटले. म्हणाले, "फादर, यंदा बियाणं पोरगाच बघील. मी नाही बघत."

आपल्याही घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. गुणपत्रिका पाहण्याआधी आज रात्री जेवताना त्याला एवढेच विचारावे: "आज बांधीत काय वेगळं दिसलं?" आणि तो बोलू लागला की शेवटपर्यंत ऐकावे.