उभ्या गाडीचे टायर

परीक्षा संपली की आपल्यातले बरेचजण गाडी वसतिगृहाच्या शेडमध्ये लावून गावी जातात आणि दीड-दोन महिन्यांनी ऐन पावसात परत येतात. किक मारली, गाडी चालू झाली, की निघाले चोर्ला घाट उतरायला! ओल्या वळणावर आपल्याला धरून ठेवते ती टायरची तळहाताएवढी जागा. तिच्याकडे कोण बघतो?

गाडी पळाली की टायर झिजतो हे सगळ्यांना ठाऊक. उभ्या उभ्याही तो बिघडतो, हे मला काकांच्या पंक्चरच्या दुकानात बसून कळलं. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केलं खरं, पण हवेतला ओझोन त्याला आजही खातो. तोही रबर जिथे ताणलेलं असेल तिथेच. म्हणून रबरात मेणासारखी द्रव्यं मिसळतात. चाक फिरताना टायर दबतो, सुटतो आणि ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की हे मंदावतं. त्यात हवा कमी होते, टायरची बाजू फुगून ताणली जाते आणि तिथेच बारीक भेगा पडतात. माणसाची हवा गेली तर गावभर होतं. टायरची मुकाट जाते.

तेव्हा गाडी लावताना गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याएवढी हवा भरा. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा, तो नव्हे. मधला स्टँड लावा. पुढचं चाक तरीही टेकलेलंच राहतं, म्हणून मागे राहणाऱ्या एखाद्या मित्राला पंधरा दिवसांनी ते थोडं फिरवायला सांगा, नाहीतर एकाच जागी चपटं होतं. ऊन नको, खाली सांडलेलं तेल नको. शेजारी वेल्डिंग किंवा ठिणग्या उडणारी मोटर नको, कारण त्यातूनही ओझोन तयार होतो. आणि चमकवणारं पॉलिश? काका म्हणतात, "टायरला पावडर कशाला रे लावता?" नक्षीवर ते लागलं तर चाक घसरतं.

परत आल्यावर गाडी थंड असतानाच हवा तपासा. बाजूला अंगठ्याने दाबून भेगा बघा. भेगा खोल दिसल्या तर नक्षी कितीही नवी असो, टायर बदला. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. जुना टायर स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना हे आधी वाचा. पहिले काही किलोमीटर हळू चालवा. थोडा चपटेपणा टायर गरम झाल्यावर जातो. हादरे थांबले नाहीत, तर घाटाआधी दुकान गाठा.