वास्तू खरंच तथास्तु म्हणते का?

प्रश्न : आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले, आता पर्वत पाटियाला राहतो. मिस्टर एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात आहेत, मी घरी साड्यांना स्टोन लावते. मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत सहावीला आहे. गणितात मार्क कमी पडले की माझ्या तोंडून निघून जातं, ‘तुन्हाघाई काहीच व्हवाव नही!’ परवा तर रागाच्या भरात ‘मर मेल्या’ म्हणाले. सोबत काम करणाऱ्या शेजारच्या खालांनी कानाला हात लावला. म्हणाल्या, ‘लेकराला बद्दुआ देऊ नको, कबुलीची घडी असते.’ माझी आजी म्हणायची, वास्तू तथास्तु म्हणते. शब्दांत एवढी ताकद असते का? खालांच्या धर्मात याबद्दल नेमकं काय सांगितलंय? — एक वाचक, पर्वत पाटिया, सुरत

उत्तर : ताई, तुमची आजी आणि खाला यांची गाठ पडली असती, तर दोघींचं छान जमलं असतं. खाला मनचं बोलल्या नाहीत. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात पैगंबरांची ही शिकवण आहे : स्वतःला, मुलाबाळांना, मालमत्तेला शाप देऊ नका, न जाणो, ती घडी नेमकी मागणं मान्य होण्याची असायची.

पण म्हणून त्या ‘मर मेल्या’ची धास्ती घेऊन रात्र जागवू नका. इस्लामच्या दृष्टीने शब्द स्वतःच्या बळावर काही घडवत नाही, देणारा अल्लाह. अपशकुन मानणं तर पैगंबरांनी नाकारलंच. चांगला शब्द कानावर पडला की मात्र त्यांना आनंद होई. मुलाला जवळ घेऊन ‘चुकलं माझं’ म्हणालात, की तो विषय संपला.

खरी काळजी दुसऱ्या वाक्याची आहे. ‘मर’ हा राग असतो, तो मुलालाही कळतो. ‘तुझ्याने काही होणार नाही’ हा निकाल असतो, आणि रोज ऐकलेला निकाल हळूहळू नाव होऊन बसतो.

नावाची एक गोष्ट ‘सहीह बुखारी’त आहे. एका माणसाचं नाव होतं हज़्न, म्हणजे खडबडीत जमीन. पैगंबरांनी सुचवलं, तू सहल हो. म्हणजे सपाट, सोपी जमीन. बापाने ठेवलेलं नाव बदलणार नाही, असं तो म्हणाला. त्याचे नातू सईद इब्न मुसय्यब मदिनेतले मोठे विद्वान झाले. ते सांगत, आमच्या घरातला खडबडीतपणा तेव्हापासून गेलाच नाही. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये, अकराव्या आयतीत, एकमेकांची टिंगल करायला आणि वाईट नावांनी हाक मारायला मनाई आहे. ‘ढ’, ‘करंटा’, ‘बैल’ ही आपली घरगुती नावं त्यात आलीच.

स्वतःला लावायच्या शब्दांचाही विचार इस्लाममध्ये झाला आहे. जीव नकोसा झाला, तर माझं मन ‘खबीस’, म्हणजे घाणेरडं झालं, असं म्हणू नये. मन उबगलं आहे, असं म्हणावं, अशी हदीस आहे. त्रास नाकारायचा नाही, पण त्रासालाच आपलं नाव करायचं नाही.

मानसशास्त्र वेगळ्या वाटेने इथेच येतं. 1968 मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी अमेरिकेतल्या एका शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुलं निवडली आणि शिक्षकांना सांगितलं, ही यंदा चमकणार. लहान वर्गांतली अशी मुलं बुद्धिमापन चाचणीत खरोखर पुढे गेलेली दिसली. परिणाम किती मोठा, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण मोठ्यांनी बांधलेला अंदाज त्यांच्या वागण्यातून मुलापर्यंत पोचतो, हा मुद्दा टिकला. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक तर एका छोट्या शब्दावर भर देतात : ‘अजून’. ‘येत नाही’ इथे दार लागतं. ‘अजून येत नाही’ म्हटलं की ते किलकिलं राहतं.

म्हणजे सतत गोडच बोलायचं का? नाही. पंचवीस मार्कांना ‘छान’ म्हणणं खोटं होईल, आणि पोराला ते कळतं. पण उलटं टोकही नको. आजारी बदूला, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाला, भेटायला गेलेले पैगंबर म्हणाले, काळजी नको, या तापाने पापं धुऊन निघतील. तो म्हणाला, छे, हा ताप म्हाताऱ्याला कबरीतच नेणार. आपल्याकडचा ‘शुभ बोल नाऱ्या’मधला नाऱ्याच तो! पैगंबर एवढंच म्हणाले, बरं, मग तसं.

आणि मुलांशी कसं वागावं? अनस दहाएक वर्षांचे असताना पैगंबरांच्या सेवेत आले. ते सांगत, दहा वर्षांत पैगंबर मला कधी ‘उफ’सुद्धा म्हणाले नाहीत.

एवढं आपल्याला जमणार नाही. जमण्यासारखं मिस्टरांच्या कारखान्यात आहे. मशीनवर दोरा तुटला की त्याच हेडचा दिवा लागतो. कारागीर सगळ्या मशीनला भंगार म्हणत नाही. दोरा ओवतो, चार टाके मागे घेतो आणि पुन्हा सुरू करतो. आज वही उघडाल तेव्हा तो दिवा शोधा. अपूर्णांकांच्या बेरजेत छेद सारखे करायचे राहिले असतील, तर बोट तिथेच ठेवा आणि म्हणा, ‘दोरा इथं तुटला बघ.’ वास्तूने याला तथास्तु म्हटलं तरी बिघडणार नाही.