अंतराळातला खेळ मांडायचाय, पण कोणत्या जगात?

प्रश्न : आम्ही कबनूरचे पाच मित्र. दोघांच्या घरी यंत्रमाग आहेत, एक सायझिंगमध्ये कामाला आहे, दोघे अजून शिकतोय. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या एका भावानं आम्हाला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' शिकवला आणि आम्हाला त्याचं वेडच लागलं. आता तलवारी-राक्षस पुरे झाले, विज्ञानकथेतलं जग हवंय. पण एकाला 'स्टार वॉर्स' पाहिजे, दुसऱ्याला 'सायबरपंक', तिसरा म्हणतो आपलंच जग तयार करू. कुठलं निवडावं? आणि हे सगळं मराठीतून रंगेल का?
— एक वाचक, कबनूर (ता. हातकणंगले)

उत्तर : ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार, तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करेल ते बोलून दाखवतात. जिथं काम फत्ते होईल की फसेल हे सांगता येत नाही, तिथं फासे टाकायचे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापला, तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. विज्ञानकथेलाही वेळ लागला नाही. १९७६ मध्ये 'मेटामॉर्फोसिस अल्फा' आला. त्यातली माणसं एका प्रचंड यानात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण आपण यानात आहोत हेच त्यांना ठाऊक नसतं.

आता तुमचं भांडण. जग निवडताना लोक आधी यानं, बंदुका आणि परग्रहवासी बघतात. माझं म्हणणं, ते शेवटी बघा. आधी विचारा, त्या जगात सकाळी उठल्यावर तुमच्या पात्राला काय करावं लागतं आणि ते नाही केलं तर संध्याकाळी काय होतं? याचं उत्तर ज्या जगात चटकन मिळतं, ते जग खेळायला चांगलं. ज्या जगात मिळत नाही, तिथं नकाशा कितीही देखणा असो, तिसऱ्या बैठकीला सगळे मोबाइल काढून बसतात.

याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर'. १९७७ साली तो तीन छोट्या काळ्या पुस्तिकांत निघाला. त्यात एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्याकडं उडी मारायला साधारण आठवडा लागतो, आणि यानाहून वेगानं जाणारा निरोपच नाही. म्हणजे वरच्यांना विचारून कळवतो, ही सोय नाही. अडचण आली की तिथल्या तिथं, जे आहेत त्यांनीच निर्णय घ्यायचा. पण मला त्याहून आवडते ती कर्जाची भानगड. व्यापारी यान घ्यायचं तर कर्ज काढावं लागतं. दर महिन्याला किमतीचा २४०वा भाग भरायचा, आणि असे हप्ते ४८० महिने. चाळीस वर्षं! नुसत्या हप्त्यांतच किमतीच्या दुप्पट पैसे जातात. मग पात्रं संशयास्पद माल का उचलतात, धोक्याच्या ग्रहावर का उतरतात, हे सूत्रधारानं समजावून सांगावं लागत नाही. महिनाअखेर जवळ आलेली असते. ज्या घरात मागावर कर्ज आहे, त्या घरातल्या पोराला हा खेळ दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

'स्टार वॉर्स'ची मोठी सोय ही, की सगळ्यांनी सिनेमे पाहिलेले असतात. 'प्रकाशाची तलवार' म्हटलं की पुढं वर्णन नको. १९८७ मध्ये वेस्ट एंड गेम्सनं त्यावर केलेला खेळ इतका तपशीलवार होता, की पुढं टिमोथी झान हे त्या विश्वावर कादंबऱ्या लिहायला बसले तेव्हा त्यांना संदर्भाला ही खेळाची पुस्तकंच देण्यात आली होती. अडचण एवढीच, की त्या विश्वातली मोठी कामं आधीच दुसऱ्यांनी करून ठेवलेली असतात. शिवाय पाचांतला एक जण सगळ्यात जास्त जाणकार निघतो आणि सूत्रधाराला दर पाच मिनिटांनी दुरुस्त करत राहतो. त्या दिशेनं जायचंच असेल तर सिनेमात कधी न दिसलेला एखादा आडबाजूचा ग्रह घ्या.

'सायबरपंक' १९८८चा, माइक पॉन्डस्मिथ यांचा. कंपन्यांच्या ताब्यातलं शहर, शरीरात बसवलेली यंत्रं, पैशासाठी काहीही करणारी माणसं. दम आहे त्यात. पण एक धडा घ्या. पहिल्या आवृत्तीतलं भविष्य २०१३चं होतं, १९९० सालच्या दुसऱ्या आवृत्तीतलं २०२०चं. दोन्ही सालं येऊन गेली. म्हणून जवळचं भविष्य घेतलंत तर वहीत साल लिहू नका.

माझं मत तुमच्या तिसऱ्या मित्राच्या बाजूनं आहे. आपलंच जग करा. आणि ते कसं करायचं हे शिकायला लांब जायला नको. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, १९ जुलै १९३८ला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. नाव मोठं म्हणून बक्षीस मिळू नये, हा हेतू. बक्षीस मिळालंच. त्यांच्या कथा नीट वाचल्यात तर एक रीत दिसेल : बदल एकच करायचा, बाकी सगळं ओळखीचं ठेवायचं. 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये १७६१ची लढाई मराठे जिंकतात, तेवढाच फरक. पण त्या एका फरकानं पंतांची पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी वेगळ्याच हिंदुस्थानात शिरते. 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडतं. लोकल तीच, माणसं तीच. दहा गोष्टी बदलल्या की खेळणाऱ्याला काहीच आठवत नाही. एक बदलली की तिचे परिणाम तो स्वतः शोधत बसतो, आणि या खेळातला अर्धा आनंद त्या शोधण्यातच आहे.

मग कबनूरसाठी तो एक बदल कोणता? मी सुचवतो : कापड अंतराळात विणलं जातं. हे अगदीच हवेतलं नाही बरं का, अंतराळाला विणलेलं कापड लागतंच. १९६७ला अपोलो-१च्या आगीत तीन अंतराळवीर गेल्यावर नासानं अंतराळवेशाचं बाहेरचं कापड बदललं आणि काचतंतूंचं विणलेलं, न पेटणारं 'बीटा क्लॉथ' आणलं. १९९७ साली मंगळावर 'पाथफाइंडर' उतरलं ते 'व्हेक्ट्रान' धाग्याच्या विणलेल्या पिशव्यांत गुंडाळून, उसळ्या मारत. तेव्हा पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका स्थानकावर चार माग आहेत असं समजा. तुमची पात्रं खर्चीवाले आहेत, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून देणारे. बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) व्यापाऱ्याचा, मजुरी पिकावर (आडव्या धाग्यांच्या मोजणीवर), माग कर्जाचे. एक जण माग दुरुस्त करणारा जॉबर, एक ताण्याचे धागे ओवणारा वहिफणीवाला, एक दिवाणजी, एक यान हाकणारा. सूर्यप्रकाशावरची वीज पाळीपाळीनं वाटून मिळते. वजनच नसल्यामुळं कापसाची धूळ खाली बसत नाही. ती तरंगत राहते, हवेची गाळणी तुंबवते, ठिणगी पडली तर पेटते. मागाच्या प्रत्येक ठोक्याला अख्खं स्थानक थरथरतं, म्हणून शेजारची प्रयोगशाळा तक्रार करते. अशात एक दिवस व्यापाऱ्याकडून बीम येतो आणि त्यातला धागा कशाचा आहे, हे कुणालाच ओळखता येत नाही. एवढ्यावर दोन महिने खेळता येईल.

नियमांची जाड पुस्तकं आत्ताच घेऊ नका. जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' एका पानावर मावतो आणि त्याला ल्यूडोचे फासे चालतात. प्रत्येकानं २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. यंत्राचं, डोक्याचं काम असेल तर फाशावर त्याहून कमी पडायला हवं, आणि माणसाशी गाठ असेल तर त्याहून जास्त. समजा जॉबरचा आकडा ४. बंद पडलेली मोटर दुरुस्त करायला त्याला १, २, ३ पैकी काही चालेल. थकलेली मजुरी व्यापाऱ्याकडून काढायला मात्र ५ किंवा ६च हवेत. एक फासा सगळ्यांना, आधी तयारी केली असेल तर आणखी एक, त्या कामात मुरलेला असेल तर अजून एक. एकही फासा लागला नाही तर काम बिघडतं, एक लागला तर होतं पण काहीतरी अंगाशी येतं, दोन लागले तर फत्ते, तीन लागले तर वर काहीतरी फायदाही. आणि फाशावर बरोबर तुमचाच आकडा पडला, तर तो लागलेला धरायचा, शिवाय सूत्रधाराला एक प्रश्न विचारायचा. उत्तर खरंच द्यावं लागतं. "हा बीम नक्की कुठून आला?" असं विचारायची वेळ येते, तेव्हा टेबलावर कुणी हलत नाही.

मराठीतून रंगेल का? जोरात रंगेल, फक्त पुस्तकी मराठीत बोलू नका. दिवाणजी जसा बोलतो तसाच बोलू द्या. तुमच्या भागात कारखान्यात मराठीबरोबर कन्नड आणि हिंदीही कानावर पडते, तीही स्थानकावर न्या. परग्रहावरचा पाहुणा आला आणि त्याची भाषा पाचांतल्या एकालाच तोडकीमोडकी येत असेल, तर तो प्रसंग कुठल्याही लढाईपेक्षा जास्त ताण देतो.

पहिल्या बैठकीत ग्रहांची नावं, राजांच्या वंशावळी, युद्धांचे इतिहास यांत जाऊ नका. कर्ज किती, हप्ता कधी, वीज किती वाजता जाते आणि बीम कोण देतो, एवढं ठरवा आणि फासे टाका. 'स्टार वॉर्स'वाल्या मित्राला यान हाकायला द्या, 'सायबरपंक'वाल्याला व्यापाऱ्याच्या कंपनीशी भांडायला. चार बैठका झाल्या की त्या धाग्याचं काय निघालं, ते आम्हाला नक्की कळवा.