मोटारीतील संजय

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यात मैंदर्गी हे गाव आहे. कर्नाटकाची सीमा येथून जवळच असल्यामुळे येथे मराठीबरोबर कानडीही कानी पडते. वैशाखात या भागात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि दुपारचा वारा भट्टीतून आल्यासारखा वाटतो. अशा दिवसांत आजारी माणसाला किंवा तान्ह्या मुलाला मोटारीतून अक्कलकोटमार्गे सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचे झाले, तर मोटारीतील गारवा ही चैन राहत नाही, ती गरज होते. आणि नेमका त्याच वेळी एसी गरम हवा फेकू लागला म्हणजे?

"गॅस संपला असेल, भरून टाका," असे पुष्कळजण चटकन सांगतात. परंतु एसीतील गॅस म्हणजे काही दिव्यातील तेल नव्हे, की जळून संपावे! इंजिनाच्या बळावर फिरणारा कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरपुढील कंडेन्सरच्या जाळीत त्याची उष्णता बाहेरच्या वाऱ्याने निघून जाते व त्याचा द्रव होतो. हा द्रव अरुंद छिद्रातून एकाएकी सुटला की त्याचा दाब उतरतो, आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना माठ गार होतो, त्यातलाच हा प्रकार. पुढे ही वाफ कॉम्प्रेसरकडे परत जाते. गॅस असा बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरत असतो. कोठे गळती असेल तरच तो कमी होतो.

कॉम्प्रेसर केव्हा चालवावा व केव्हा थांबवावा, हे मोटारीतील एक लहानसा संगणक ठरवतो. धृतराष्ट्र हस्तिनापुरात बसून संजयाच्या तोंडून युद्धाची वार्ता ऐकत असे. या संगणकाचीही तीच स्थिती. त्याला ऊन दिसत नाही, की गारवा जाणवत नाही. सेन्सर जे सांगतील तेच त्याच्या लेखी सत्य. एक सेन्सर कूलिंग कॉइलपाशी बसून तिच्यावर बर्फ धरू नये म्हणून लक्ष ठेवतो. दुसरा मोटारीच्या पुढच्या जाळीमागे बाहेरचे तापमान मोजतो. तिसरा नळीतील गॅसचा दाब सांगतो. संजयाने सत्यच सांगितले. मोटारीतील संजय मात्र कधी कधी चुकतात.

तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या पोटात बहुधा थर्मिस्टर नावाचा इवलासा तुकडा असतो. तो तापला की विजेला त्याचा होणारा विरोध घटतो, गार झाला की वाढतो. तांबे किंवा लोखंड याच्या उलट वागते. चांदीच्या सल्फाइडमधील असाच गुण मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३३ साली टिपून ठेवला होता.

आता समजा, बाहेरच्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली. वीज मुळीच जाईना, म्हणजे विरोध अफाट. आणि विरोध अफाट, म्हणजे थंडी कडाक्याची, असा संगणक अर्थ लावतो. मग मैंदर्गीच्या रस्त्यावर डांबर पाघळत असतानाही डॅशबोर्डवर उणे चाळीस अंश हा आकडा झळकू शकतो! एवढ्या थंडीत गारवा कशाला, असे ठरवून पुष्कळ मोटारींतील संगणक कॉम्प्रेसर चालूच करीत नाही. गॅस पुरेसा, यंत्र धडधाकट, आणि आतली माणसे घामाने निथळत असतात. अशा वेळी वर आणखी गॅस भरला, तर दाब नको इतका वाढून चांगल्या कॉम्प्रेसरलाच इजा होते. जुना गॅस हवेत सोडून देणे तर त्याहून वाईट. पुष्कळ मोटारींत असणारा आर-१३४ए हा गॅस, वजनास वजन धरल्यास, शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता पृथ्वीभोवती अडकवतो.

कॉइलपाशी असलेल्या सेन्सरची तऱ्हा निराळी. कॉइल गारठली तरी तो "अजून गरमच आहे" असे सांगत राहिला, तर कॉम्प्रेसर थांबत नाही आणि कॉइलवर बर्फाचा थर चढतो. पहिला अर्धा तास छान गारवा, मग वारा क्षीण होत जातो. मोटार थोडी थांबवली की पाणी ठिबकते आणि पुन्हा सारे ठीक! ही खूण जाणता मिस्त्री लगेच ओळखतो.

चौकशी सकाळी करणे उत्तम. रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या मोटारीत सर्व ठिकाणचे तापमान जवळजवळ सारखे असते. मिस्त्री स्कॅनर जोडून प्रत्येक सेन्सरचा आकडा वाचतो. तीन आकडे जुळले आणि चौथा फटकून राहिला, तर संशय चौथ्यावर. मग तो सेन्सर सुटा करून मल्टिमीटरला जोडतात. मुठीत धरल्यावर त्याचा विरोध उतरला पाहिजे, बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर चढला पाहिजे. काटा किंवा आकडा ढिम्म हलला नाही, तर सेन्सर गेला असे समजावे.

दाबाच्या सेन्सरची परीक्षा गेजने होते. आर-१३४ए असलेली मोटार बंद असताना बाहेर चाळीस अंश तापमान असेल, तर नळीतील दाब वातावरणाच्या सुमारे दहापट असतो. गेज तसे दाखवत असून सेन्सर मात्र "दाब नाही" म्हणत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर सदोष. दोघेही तेच म्हणत असतील, तर गॅस खरोखर गेला. मग आधी गळती शोधावयाची. या नळ्या मुलांनी कधीही उघडू नयेत. हा गॅस उघड्यावर उणे सव्वीस अंशांस उकळतो. त्याचा फवारा हातावर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका.

सेन्सर बदलावा लागतोच असे नाही. पुष्कळदा जोडावर धूळ किंवा हिरवट गंज साचलेला असतो, तो पुसला की काम होते. कुरतडलेली वायर जोडून वर नळी चढवली, स्कॅनरमधील जुनी नोंद पुसली आणि इंजिन सुरू केले, की उणे चाळीस जाऊन डॅशबोर्डवर खरा बेचाळीसचा आकडा येतो, आणि पाठोपाठ कॉम्प्रेसरच्या क्लचचा 'टक्' असा आवाज ऐकू येतो.