उन्हाळ्याची सुट्टी : घरात कोण राबते, कोण बसते?



होळी झाली की आपल्या झरी जामणी तालुक्यात ऊन तापू लागते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. २५ मेपासूनच्या नवतपात तर दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. पऱ्हाटी उपटून झालेली असते, शेत रिकामे असते आणि मुलांना सुट्टी असते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात. एवढे दिवस कूलरसमोर मोबाईल पाहण्यात गेले, तर जूनमध्ये मुलांना दप्तर उचलतानाही दम लागेल.

"शरीर हलते ठेवा" असे डॉक्टर सांगतात. पण हा उपदेश घरातल्या सर्वांना सारखाच लागू पडतो का? आपल्या कितीतरी घरांत आई पहाटे उठून पाणी भरते, सरपण आणते, स्वयंपाक करते आणि मजुरीलाही जाते. तिला व्यायाम कमी पडत नाही, विश्रांती कमी पडते. त्याच घरातला सोळा वर्षांचा मुलगा मात्र नऊपर्यंत झोपतो आणि दिवसभर खाटेवर लोळतो. म्हणून सर्व कुटुंबाने हालचाल करायची याचा आपल्यापुरता पहिला अर्थ असा : जो बसला आहे त्याने उठावे, म्हणजे जी राबते आहे तिला थोडे बसता येईल.

किती हालचाल हवी?
जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असे खेळावे वा काम करावे. मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे झपझप चालण्याएवढी हालचाल हवी. त्यासाठी पैसे लागत नाहीत. पाण्याचे गुंड वाहणे, अंगण झाडणे, सायकल चालवणे हे सर्व त्यात धरले जाते. आजीआजोबांनी तोल सांभाळण्याचा सराव करावा. भिंतीला हात टेकून उभे राहणे, खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे एवढेही पुरे.

वेळ कोणती?
हे आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको. मोहफुले वेचणारी कुटुंबे उजाडण्याच्या सुमारास रानात पोचतात. तेंदूपाने तोडणारे ऊन चढण्याआधी परततात आणि दुपारी सावलीत बसून पुडके बांधतात. म्हणजे जड काम गारव्यात आणि बैठे काम सावलीत. तोच नियम घरी लावू या. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, म्हणून सहा ते आठ ही कामाची व खेळाची वेळ. बारा ते चार घराबाहेर पडायचे नाही. सूर्य कलल्यावर पुन्हा तासभर.

काम कसे वाटावे?
२०१६ साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत अमरावती जिल्ह्यातला वरूड तालुका होता. ऐन उन्हाळ्यात गावकऱ्यांनी श्रमदान करून बांधबंदिस्ती केली. पुढच्या वर्षांत ही स्पर्धा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही आली. तिथे टोपले एका हातातून दुसऱ्या हातात जात असे, म्हणून एकट्यावर भार पडत नसे. घरातही असेच करू या. पाणी मुलगा व मुलगी दोघांनी भरावे, झाडांना पाणी बाबांनी घालावे, अंथरुणे ज्याची त्याने उचलावीत. "हे बाईचे काम" असे म्हणून कोणी बाजूला होऊ नये.

खेळही हवेतच
संध्याकाळी लगोरी, लंगडी, विटीदांडू, खो-खो खेळू या. त्यात बाबांनी उतरावे, आईलाही ओढून न्यावे. फुगडी घालायला वयाची अट नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवली. त्या कबड्डीला आजही मोकळी जागा आणि चार गडी एवढेच लागतात.

सावध राहू या
उपाशीपोटी उन्हात जाऊ नये. डोक्याला दुपट्टा बांधावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. जुलाब-उलटी झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे द्यावे. अंग भट्टीसारखे तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पैनगंगेच्या डोहात किंवा विहिरीत मुलांना एकटे पोहू देऊ नये. पहाटे रानाकडेही कोणी एकट्याने जाऊ नये, कारण वाघ-अस्वलांची ती फिरण्याची वेळ असते. हृदयविकार वा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

या आठवड्यासाठी
आज संध्याकाळी सर्वांनी मिळून एका कागदावर घरातली सगळी कामे लिहू या. कोणते काम कोण करते, हे प्रत्येकासमोर मांडू या. एकाच नावापुढे फार कामे आली, तर त्यातली निदान दोन दुसऱ्याच्या नावे करू या. पुढच्या रविवारी मिस्सानंतर भेटू, तेव्हा एकमेकांना एवढेच विचारू या : तुमच्या घरी या आठवड्यात कोण उठले आणि कोणाला बसायला मिळाले?